पाद्र्याचे घर : सुरतेच्या कॅथॉलिक धर्मग्रामाची व शाळेची हकीकत

इतिहासाच्या तासाला फळ्यावर १६६४ हे साल लिहिले की मुले सरसावून बसतात, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे. शिवाजी महाराज, मोगलांचे श्रीमंत बंदर आणि चार दिवसांची लूट, एवढे त्यांस ठाऊक असते. त्या चार दिवसांत जी घरे लुटली गेली नाहीत, त्यांची गोष्ट मात्र बहुतेकांनी ऐकलेली नसते. त्यांतील एक घर कॅथॉलिक पाद्र्याचे होते. आपल्या शहरातील कॅथॉलिक समाजाचा इतिहास सांगावयाचा तर आरंभ तेथूनच करणे सोयीचे.

प्रथम 'धर्मग्राम' या शब्दाचा अर्थ पाहू. इंग्रजीत ज्यास पॅरिश म्हणतात तो हा. एका चर्चच्या आणि एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली असलेल्या कुटुंबांचा तो समुदाय होय. बाप्तिस्मा, लग्न व मृत्यू यांच्या नोंदी तेथे होतात, अडल्यानडल्यास तेथे धाव घेतली जाते आणि पुष्कळ ठिकाणी चर्चला लागूनच शाळा असते. वसईस किंवा गोव्यास पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने असे धर्मग्राम उभे राहिले. सुरतेत राज्य मोगलांचे. येथे पाद्र्याजवळ सत्ता नव्हती, जहागीर नव्हती आणि त्याची माणसे म्हणजे बहुधा व्यापारी, खलाशी व वाटसरू, आज आली आणि उद्या गेली अशी.

सतराव्या शतकाच्या मध्यास येथे राहावयास आलेले हे पाद्री फ्रान्सचे कॅपुचिन होत. संत फ्रान्सिसच्या संप्रदायाची ही एक शाखा. अंगात जाडाभरडा झगा, त्यास टोकदार टोपी आणि निर्धनतेचे व्रत. ज्या शहराने फकीर व बैरागी पिढ्यान्पिढ्या पाहिले होते, त्यास ही राहणी परकी वाटण्याचे कारण नव्हते. त्यांचे प्रमुख पाद्री अँब्रोज. त्यांचे सोबती पाद्री झेनो यांचीही एक हकीकत सांगण्याजोगी आहे. मद्रासेस पाद्री एफ्रेम नावाचे कॅपुचिन इंग्रजांच्या वसाहतीत राहून मुलांस शिकवीत असत. त्यांस पोर्तुगीजांनी पकडून गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कैदेत टाकले. तेव्हा त्यांना सोडविण्याच्या खटपटीसाठी झेनो सुरतेहून गोव्यास गेले. त्याच कामी गोवळकोंड्याच्या मुसलमान दरबारानेही आपले वजन खर्च केले. कॅथॉलिक पाद्र्याची सुटका कॅथॉलिक राज्याच्या कैदेतून व्हावी म्हणून हे प्रयत्न झाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता १६६४ च्या जानेवारीकडे वळू. महाराजांची फौज येताच सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. लोक तापी ओलांडून पळाले. शहराभोवतीची भिंत मातीची होती, ती कोणाच्या उपयोगी पडली नाही. विरजी व्होरा व हाजी जाहिद बेग यांच्यासारख्या कोट्यधीशांचे वाडे लुटले गेले, शहराचा मोठा भाग जळाला आणि अनेक सामान्य माणसांचेही फार हाल झाले. हे दुःख झाकून इतिहास शिकवू नये, असे आमचे मत आहे.

या आगीतून कोण वाचले? फ्रेंच प्रवासी बर्निये याने याचे उत्तर दिले आहे. इंग्रज व डच वाचले, कारण त्यांनी आपल्या वखारींचा निकराने बचाव केला. पाद्री अँब्रोज यांचे घर वाचले, कारण हे पाद्री सज्जन आहेत असे महाराजांचे मत होते. तिसरे घर डचांच्या एका हिंदू दलालाचे. तो तर हयातही नव्हता, पण जिवंतपणी मोठा दानशूर होता असे कळल्यावरून त्याच्या घरास हात लावला गेला नाही.

दुसरा फ्रेंच प्रवासी थेवनो १६६६ मध्ये सुरतेस आला. त्याने ऐकलेली हकीकत थोडी निराळी आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पाद्री अँब्रोज स्वतः महाराजांकडे गेले आणि गरीब ख्रिस्ती लोकांस त्रास होऊ नये अशी त्यांनी विनंती केली. ती मान्य झाली. लुटीच्या वेळी या दोघांपैकी कोणीही शहरात नव्हता, तेव्हा तपशिलात फरक पडणारच. पण घर पाद्र्याच्या लौकिकामुळे वाचले, यावर दोघांचे एकमत आहे. हा लौकिक एका दिवसाचा नव्हता. ख्रिस्ती लोकांतील तंटे, मग ते कॅथॉलिकांचे असोत वा प्रोटेस्टंटांचे, अँब्रोज मिटवीत आणि मोगल सुभेदारही त्यांचा शब्द मानी, असे थेवनो लिहितो.

लुटीनंतर शहराची भिंत विटांची झाली आणि १६६८ मध्ये फ्रेंचांची वखार निघाली. पुढे बंदराचे वैभव मुंबईकडे गेले. आजच्या धर्मग्रामाची व्यवस्था अलीकडची आहे. १९६६ मध्ये बडोदे धर्मप्रांत स्थापन झाला, त्यात सुरत येते. घोडदोड रस्त्यावरील सेंट झेवियर्स शाळा १९६३ ची. ती कॅपुचिनांची नव्हे, येशूसंघाच्या म्हणजे जेझुइट धर्मगुरूंची. दोन्ही संप्रदाय निराळे, काळ निराळा. तेव्हा एकाचा वारसा दुसऱ्याच्या नावे लावण्याची चूक आम्ही करणार नाही.

तरी दोहोंत एक साम्य आहे. मोठ्या वस्तीत लहान समाजाची संस्था कशाच्या आधारावर टिकते, हा प्रश्न दोघांपुढेही सारखाच. आज कायद्याचा आधार आहे. संविधानाच्या ३० व्या कलमाने धर्माने वा भाषेने अल्पसंख्य असलेल्यांस आपल्या शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. २८ व्या कलमान्वये सरकारमान्य शाळेत कोणासही त्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षण देता येत नाही. या ३० व्या कलमाचा अर्थ १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी लावला, तोही आपल्याच गुजरातेतील, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात. ज्या कलमाने त्या कॉलेजास संरक्षण दिले, त्याच कलमाच्या छायेत मुसलमानांच्या शाळा चालतात. आणि गुजरातेत मराठी ही अल्पसंख्यांची भाषा असल्याने मराठी शाळांसही तोच आधार आहे. दुसऱ्याचा हक्क जपणे म्हणजे आपलाच हक्क जपणे, हे यावरून उघड आहे.

परंतु कायदा ही विटांची भिंत झाली. ती अवश्य असावी. तिच्या आत काय चालते, हे शेजारी रोज पाहत असतो आणि त्यावरून आपले मत बनवीत असतो. परधर्मी मुलाची फी थकली तर त्यास कसे वागविले, आजारी शेजाऱ्याची विचारपूस कोणी केली, भांडण सोडविताना न्याय कोणाच्या बाजूने दिला, अशा लहान गोष्टींचाच लौकिक होतो. त्या डच दलालाचे नावही बर्नियेने नोंदविले नाही; त्याने केलेला दानधर्म तेवढा लोकांच्या लक्षात राहिला, आणि मेल्यावरही त्याने घर राखले.

ट्रस्टच्या महोत्सवाच्या प्रसंगी हिशेबाच्या वह्यांसोबत सभासद बंधुभगिनींनी ही जुनी हकीकतही वाचावी, एवढीच आमची विनंती.