कवड्या आणि मण्यार

पुण्याच्या सीमेवर जेथे कालपर्यंत ज्वारीची ताटे उभी होती तेथे आज बंगल्यांच्या वसाहती उठल्या असल्या, तरी सर्पांनी आपली वहिवाट सोडलेली नाही. कारण जेथे उकिरडा तेथे उंदीर, आणि उंदरांमागे धामण, हा क्रम कोणत्याही खरेदीखताने रद्द होत नाही. धामण निर्विष, किंबहुना उपकारक. तिला मारणे हा निव्वळ अन्याय होय.

विवेक हवा तो भिंतीवर चढणारा निर्विष कवड्या आणि जहाल विषारी मण्यार यांच्यात. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठसठशीत असून शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे मानेपाशी पुसट व शेपटीकडे स्पष्ट असतात, आणि तिच्या पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग दिसते. जमिनीवर निजलेल्या मनुष्यास ती रात्री चावते तेव्हा वेदना इतकी अल्प असते, की पोटात कळ येऊन पापण्या जड होईपर्यंत दंशाची वार्ताही नसते. अशा वेळी मांत्रिकाची वाट न पाहता, अवयव आवळून न बांधता, रुग्णास तत्काळ सरकारी रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. अंगणातील विटांचा ढीग घरापासून दूर हलवावा, आणि निजताना मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात.