शंभर रुपयांचा कागद

“ताई, दुकानदारानं चकल्या परत पाठवल्या हो!”

२०२१ची दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या बचत गटातल्या एक वहिनी रडवेल्या होऊन दारात उभ्या. पिशवीत २० पाकिटं. चकलीत काही खोट नव्हती, तोंडात टाकताच विरघळेल अशी खुसखुशीत! पण पाकिटावर एफएसएसएआयचा नंबर नव्हता आणि दुकानदाराला तपासणीची धास्ती.

“घरच्या घरी करते मी. फॅक्टरी थोडीच काढलीय?” वहिनी म्हणाल्या. मी गप्प झाले. कारण ‘घरगुती मालाला काही लागत नाही’ असं गटात मीच सांगत आले होते. ऐकीव माहितीवर! त्यांच्या नुकसानीत माझाही वाटा होता.

मग आमची धावपळ सुरू झाली. एका एजंटानं अडीच हजार सांगितले. वर फुकटचा सल्ला, “घर यजमानांचं ना? मग कागदही त्यांच्याच नावानं काढा.” वहिनी तयारही झाल्या होत्या. म्हटलं, थांबा, आधी आपण स्वतः वाचू तरी.

वाचलं तेव्हा कळलं, अन्न सुरक्षेचा कायदा २००६चा, त्याचे नियम ऑगस्ट २०११पासून लागू. त्यात परवाना वेगळा, नोंदणी वेगळी. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर तेव्हा नुसती नोंदणी पुरत होती. घरी करून विकणारीलाही ती हवीच. पण सरकारी फी होती वर्षाला अवघे १०० रुपये! अर्ज ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर करायचा. मग अधिकाऱ्यानं सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाहीतर कारण लिहून नाकारायची, किंवा पाहणीची नोटीस द्यायची.

अर्ज भरायला वहिनींची मुलगी बसली. अर्जदाराच्या रकान्यात तिनं सवयीनं वडिलांचं नाव घातलं. वहिनी पाहत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, “ते खोड गं. चकल्या मी करते.”

१४ आकडी नंबर मिळाला, पण दिवाळी उलटून गेल्यावर. त्या वर्षीची ऑर्डर बुडाली ती बुडालीच. परत आलेल्या चकल्या आळीत वाटल्या. मात्र संक्रांतीच्या तिळाच्या वड्या त्याच दुकानात गेल्या. पाकिटावर नाव-पत्ता, घटक पदार्थ, वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि तो नंबर, सगळं व्यवस्थित.

मैत्रिणींनो, नियम जाचक वाटतात खरे. पण स्वच्छ पाणी, झाकलेले केस, आजारी असताना पदार्थांना हात न लावणं, हे तर आपण घरीही पाळतोच की! भीती वाटते ती फॉर्मची. तेव्हा एवढं करा: ऑर्डर घेण्याआधी अर्ज करा, सणाच्या तोंडावर नको. फी आणि मर्यादा बदलत असतात, म्हणून त्या दिवशीचा नियम सरकारी संकेतस्थळावरच पाहा. पावती जपून ठेवा. आणि अर्जावर नाव घालाल ते राबणारीचं.

नोंदणीचा कागद कामाच्या जागी दिसेल असा लावायचा असतो. वहिनींनी तो स्वयंपाकघरात लावलाय. लाइट बिल, घरपट्टी, गॅसचं पुस्तक, कशावरच त्यांचं नाव नव्हतं. त्या घरातला त्यांच्या नावाचा तो पहिला सरकारी कागद!