आजोबांचा रेझर चालेल, पाते मात्र नवे हवे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते आणि तिच्या तळाशी आजोबांचे दाढीचे सामान सापडते. बल्लारपूरची कागद गिरणी, चंद्रपूरच्या कोळसा खाणी, रेल्वे किंवा वनखाते यांत आयुष्य घालवलेल्या पिढीच्या घरांत अशा पेट्या अजून आहेत. बहुतेक वेळा आतला रेझर ओळखीचा असतो, दोन्ही बाजूंनी धार असलेले पाते बसणारा. पण कधीकधी निराळेच काही निघते. डोके जाड, धार एकाच बाजूला, हातात घेतले की जड लागणारे. घरातल्या पंचविशीच्या मुलाला ते फार आवडते. जुने रेझर घासूनपुसून वापरणारे हौशी लोक त्याने मोबाइलवर पाहिलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्यानेच दाढी करायला बसतो, आणि तीही पेटीत सापडलेल्या जुन्या पात्याने.

गडबड इथेच होते. रेझर चांगला आहे, कदाचित आजच्या महागड्या रेझरपेक्षा कातडीला मानवणाराही. प्रश्न पात्याचा आहे.

या एकधारी रेझरांची कुळकथा गमतीची आहे. न्यूयॉर्कच्या कॅम्पफे बंधूंनी 1880 साली वस्तऱ्याच्या पात्याचा छोटा तुकडा दांड्यावर आडवा बसवला आणि पुढे संरक्षक कड लावली. त्यामुळे घरच्या घरी, फारसे न कापता दाढी करता येऊ लागली, पण पात्याला धार लावण्याचे काम सुटले नव्हते. किंग कॅम्प जिलेट यांनी पातळ, दुधारी आणि वापरून फेकण्याचे पाते आणले. 1903 साली त्यांचे अवघे 51 रेझर विकले गेले. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी सुमारे 35 लाख रेझर घेण्यात आले आणि जगभर दुधारी पात्याचे राज्य सुरू झाले. तरीही ‘जेम’, ‘एव्हर रेडी’ यांसारखे एकधारी रेझर अनेक दशके टिकून राहिले. त्यांचे पाते सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे असते, दुधारी पाते त्याच्या निम्म्याहूनही पातळ.

याच घराण्यातला हुशार भाऊ म्हणजे इंजेक्टर रेझर. जेकब शिक हे अमेरिकी सैन्यातले अधिकारी. बंदुकीत एकामागून एक काडतूस सरकते तसे रेझरमध्ये पाते का सरकू नये, अशी त्यांची कल्पना. एका चपट्या धातूच्या डबीत पाती रचलेली असतात. डबीचे तोंड रेझरला लावून खटका ढकलला की नवे पाते आत जाते आणि जुने बाहेर पडते. बोट धारेला लागतच नाही. डॉक्टरी नजरेने पाहिले तर ही सोय सुबकपणाहून मोठी आहे.

जुन्या बाजारात हौशी लोक शोधतात तो आणखी एक प्रकार म्हणजे इंग्लंडमध्ये 1927 ते 1958 या काळात बनलेला ‘रोल्स’. चपटी धातूची पेटी, एका झाकणात धार लावायचा दगड, दुसऱ्यात चामड्याचा पट्टा आणि मध्ये मागेपुढे फिरणारे कायमचे पाते. सकाळी त्याचा खटखट आवाज घरभर ऐकू जाई.

एका धारेने दाढी करणे कातडीला बरे का पडते? 1971 साली दोन पात्यांचा रेझर बाजारात आला आणि मग तीन, चार, पाच अशी चढाओढ लागली. यात पहिले पाते केसाला किंचित ओढते, आणि तो परत आत सरकण्याआधी मागचे पाते त्याला कापते. उरलेले टोक कातडीच्या पातळीखाली जाते. गाल तुळतुळीत होतो खरा, पण ज्यांचे केस जाड आणि कुरळे, त्यांच्यात हे टोक वाढताना बाहेर येण्याऐवजी कातडीतच घुसते. मानेवर, जबड्याखाली बारीक दुखऱ्या पुटकुळ्या येतात, काळे डाग राहतात. अनेक जण त्यांना मुरुमे समजून औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम लावतात. त्यात स्टेरॉइड असेल तर आगीत तेल. अशा माणसाला एकाच पात्याचा रेझर, केसांच्या वाढीच्या दिशेने एकच हात आणि दोन-चार दिवस दाढीला सुट्टी एवढ्यानेही बराच फरक पडतो.

भारताच्या बाजारातही असे वळण आले. 2010 साली जिलेट कंपनीने इथल्या गिऱ्हाइकासाठी ‘गार्ड’ हा 15 रुपयांचा रेझर काढला, तो एकाच पात्याचा. आधीचा एक रेझर त्यांनी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर आजमावला होता. तिथे नळाला धो धो पाणी. इथे माणूस जमिनीवर बसून, मगभर पाण्यात, अपुऱ्या उजेडात दाढी करतो हे नंतर लक्षात आले. दाट पात्यांत अडकलेले केस मगभर पाण्यात निघत नाहीत. गडचिरोलीतल्या दुर्गम पोलीस मदत केंद्रावरचा जवान किंवा हंगामात रोज रात्री तोंडाला रंग लावणारा झाडीपट्टीचा नट यांना हे कुणी वेगळे सांगायला नको.

म्हणून जुना एकधारी रेझर वापरायला हरकत नाही. पेटीतले जुने पाते मात्र वापरू नये. 1960च्या दशकात स्टेनलेस पाती रुळण्याआधीची बहुतेक पाती साध्या पोलादाची, दमटपणाने गंजणारी. न गंजलेले दिसले तरी त्याची धार शाबूत असेलच असे नाही. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असूनही धार का जाते, याचा छडा अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी 2020 साली लावला. केस वाकून विशिष्ट कोनात धारेच्या कमकुवत जागेवर आला की धारेचा सूक्ष्म टवका उडतो. अशी दातेरी झालेली धार केस कापण्याऐवजी ओढते आणि सोबत कातडी खरवडते. पाच ते सात दाढ्यांनंतर पाते बदलावे. जेम किंवा इंजेक्टरची पाती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, ती मागवावी लागतात. मग काही जण नेहमीचे दुधारी पाते मोडून अर्धे त्यात बसवतात. जाडी कमी असल्याने ते नीट धरले जात नाही, थरथरते आणि कापते.

कापणे दिसले नाही म्हणजे झाले नाही, असेही नाही. दाढीत कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या शेकडो चिरा पडतात. 1971 सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात शस्त्रक्रियेआधी वस्तऱ्याने केस काढलेल्या रुग्णांपैकी 5.6 टक्क्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. केस न काढलेल्या किंवा मलमाने काढलेल्या रुग्णांत हे प्रमाण 0.6 टक्के होते. म्हणूनच आता शस्त्रक्रियेआधी वस्तरा फिरवत नाहीत, गरज पडली तर यंत्राने केस बारीक करतात.

या चिरांतून सर्वांत धोकादायक पाहुणा येतो तो हिपॅटायटिस बी चा विषाणू. तो शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहतो आणि त्याला पुरेल एवढे रक्त डोळ्यांना दिसतही नाही. हिपॅटायटिस सी त्याचाच जोडीदार. दोन्ही वर्षानुवर्षे गप्प बसतात आणि मग यकृत आकसल्यावर किंवा तिथे कर्करोग झाल्यावर कळतात. म्हणून बापलेकांनी, भावाभावांनीही एक पाते वापरू नये. आठवडी बाजारात झाडाखाली खुर्ची मांडून बसलेल्या नाभिक बांधवाच्या हातातला आजचा वस्तराही एकधारी रेझरच आहे. दुधारी पाते मोडून त्यात अर्धे बसवलेले असते. तो अर्धा तुकडा आपल्यासमोर नवा लागला की बहुतेक काळजी मिटते. पात्याची पकड प्रत्येक वेळी साबणाने धुऊन स्पिरिटने पुसली तर उत्तमच. पाते जंतुनाशकाच्या पाण्यात क्षणभर बुचकळणे ही मात्र मनाची समजूत.

खरी जोखीम एका वेगळ्याच जागी असते, आणि तिथे बोलायला संकोच वाटतो. दशक्रियेला नदीच्या घाटावर दहा-पंधरा भाऊबंद ओळीने मुंडनाला बसतात. दुःखाची वेळ, घाई, आणि कधीकधी एकच पाते अनेक डोक्यांवरून फिरते. लहान मुलांच्या जावळाच्या सामुदायिक कार्यक्रमातही तेच. घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाने सामान आणतानाच माणसे मोजून पात्यांची पाकिटे पिशवीत टाकावीत. न्हाव्यालाही त्यात अपमान वाटत नाही, त्याच्याही बोटांना चिरा असतात.

हिपॅटायटिस बी ची लस देशभरच्या बाळांच्या लसीकरणात 2011 पासून आहे. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना ती मिळालेली नाही. प्रौढांसाठी तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत या दोन्ही आजारांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

आता सापडलेला रेझर साफ कसा करायचा? पाते काढून कोमट साबणाच्या पाण्यात भिजवावा आणि जुन्या टूथब्रशने सांधे घासावेत. पूर्ण धातूचा असेल तर 20 मिनिटे उकळावा. मूठ प्लास्टिक, बेकेलाइट किंवा तशाच कशाची असेल तर उकळू नये, धुऊन सर्जिकल स्पिरिटने नीट पुसावा. जुन्या रेझरांवर निकेलचा मुलामा असतो. नकली कानातल्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने ज्यांना खाज सुटते, त्यांना यानेही सुटू शकते. गंजाने धनुर्वात होतो ही समजूत अर्धवट आहे. धनुर्वाताचे जंतू माती-धुळीत असतात आणि गंजक्या खाचांत धूळ साचते. दहा वर्षांत धनुर्वाताची लस घेतली नसेल तर घ्यावी.

पेटीत जुना केसाळ ब्रश निघाला तर तो मात्र शोभेलाच ठेवावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत दोनशेहून अधिक जणांना अँथ्रॅक्स, म्हणजे गुराढोरांना होणारी काळपुळी, झाली होती. आज हा धोका अगदी कमी आहे, पण हे जंतू बीजरूपाने फार काळ टिकतात आणि घरी धुऊन जात नाहीत. नवा ब्रश स्वस्त मिळतो.

दाढी करताना आधी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने केस भिजू द्यावेत. हे रेझर वजनदार असतात, दाबायची गरज नसते. वजनच काम करते. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी या हौसेपेक्षा विजेच्या ट्रिमरवर समाधान मानलेले बरे. तुरटी बारीक रक्तस्राव थांबवते, विषाणू मारत नाही. सलूनमध्ये सगळ्यांच्या गालांवरून फिरणारा तुरटीचा खडा तर नकोच.

राहिले वापरलेले पाते. आपल्याकडे ते खिडकीच्या चौकटीत किंवा भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची सवय आहे, नखे काढायला, दोरा कापायला. धानाच्या बांध्यांत साप चावला की हेच पाते हाताशी येते आणि दंशावर चीर दिली जाते. विष त्याने बाहेर पडत नाही. घोणस चावली असेल तर रक्त गोठण्याची क्रियाच बिघडलेली असते, ती चीर वाहतच राहते, आणि त्यात गेलेली पंधरा-वीस मिनिटे दवाखान्याच्या वाटेतली असतात. प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळते. हलवाहलव न करता रुग्णाला तिथे न्यावे, पात्याला हात लावू नये.

जुनी पाती पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला बारीक फट पाडून आत टाकत राहावीत आणि डबा भरला की झाकण चिकटवून मोकळा करावा. शिकच्या काही डब्यांना मागच्या बाजूला अशीच खाच असे. नवे पाते एकीकडून सरकवायचे, जुने दुसरीकडून आत ढकलायचे.