घरीं घडविलेला प्रवाळ-खडक

खाऱ्या पाण्याच्या टाकींत रंगीत मासे आणि जिवंत पोवळीं पाळण्याचा छंद आतां आपल्या मोठ्या शहरांतूनहि दिसूं लागला आहे. गोड्या पाण्याच्या टाकीला तळाशीं थोडी वाळू आणि चार पाणवनस्पति पुरतात. या टाकीला मात्र खडक लागतो, आणि तो केवळ शोभेसाठीं नव्हे. माशांच्या उत्सर्गांतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया निर्माण होतो, आणि तो माशांना विषासारखा आहे. खडकाच्या अंगावर वस्ती करणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट बनवितात. खोल छिद्रांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें, दुसऱ्या जातीचे जंतु नायट्रेटचें नत्रवायूंत रूपांतर करतात. अर्थात् खडक जितका सच्छिद्र, तितकी ही वस्ती मोठी.

निसर्गांत असा खडक प्रवाळांच्या मृत सांगाड्यांचा बनतो. तो समुद्रांतून फोडून आणण्याचा व्यापार पुष्कळ वर्षें चालला. पण अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यानें आपल्या पाण्यांत १९८९ सालीं त्यास मनाई केली, आणि तेथील मध्यवर्ती सरकारच्या सागरी हद्दींत ती १९९७ सालीं लागू झाली. मोठा पुरवठा करणाऱ्या फिजी बेटांनींहि २०१७ च्या अखेरीस निर्यात थांबविली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं प्रवाळांचा समावेश झाला. मालवणच्या समुद्रांत प्रवाळ आहेत, आणि तेथें १९८७ पासून सागरी अभयारण्यहि आहे. तेथून पोवळ्याचा तुकडा उचलून आणणें हा सरळ गुन्हा होय.

तेव्हां खडक घरींच करावा, हें ओघानेंच आलें. याची कृति विशेष प्रसिद्ध केली ती अमेरिकेच्या आयडाहो राज्यांतील बॉयसी गांवच्या जिओथर्मल अॅक्वाकल्चर रिसर्च फाउंडेशन या संस्थेनें. ज्या राज्याला समुद्रकिनाराच नाहीं, तेथून ही विद्या पसरावी हें गमतीचेंच! आरागोनाइट आणि काँक्रीट या शब्दांची सांगड घालून या खडकाला ‘आरागोक्रीट’ असें नांव पडलें.

साहित्य साधें आहे. एक माप साधें पोर्टलंड सिमेंट, शक्य तर पांढरें, व तीन ते चार मापें शिंपल्यांचा जाडा चुरा किंवा चुनखडीची वाळू. शिंपल्यांचा चुरा कोंबड्यांच्या खाद्यासाठीं विकला जातो, तोच चालतो. शिवाय एक-दोन मापें खडेमीठ. हें मीठ नंतर पाण्यांत विरघळून जातें व त्याच्या जागीं छिद्रें राहतात. सर्व कोरडें कालवून मग पाणी बेतानेंच शिंपडावें. पाणी अधिक झालें तर मीठ आधींच विरघळतें आणि मिश्रण पातळ होतें. मूठ दाबली असतां गोळा व्हावा, एवढेंच ओलें ठेवावें. ओल्या सिमेंटानें कातडी भाजते, म्हणून रबरी हातमोजे हवेतच. पेटींत ओलसर वाळू भरून हातानें वेडावांकडा खळगा करावा व त्यांत मिश्रण सैल सोडावें, चोपूं नये. मधून बोटानें बोगदे पाडावेत. भित्र्या माशांना तीं घरें होतात. आंत लोखंडी तार मात्र कधींहि घालूं नये, ती गंजते.

दोन दिवसांनीं खडक उचलण्याइतका घट्ट होतो, आणि येथेंच नवशिक्यांची फसगत होते. घट्ट झालेला खडक टाकीसाठीं तयार झालेला नसतो. सिमेंट व पाणी यांच्या संयोगांत भिजलेला चुना मोकळा होतो, आणि तो पाण्याची अल्कता वाढवितो. समुद्राच्या पाण्याचा पी.एच. अंक सुमारें ८.२ असतो, चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर. या मोजणींत प्रत्येक अंक दसपटीचा आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे चार अंकांचें अंतर किती भयंकर तें कळेल. शिवाय अल्कता वाढली कीं पाण्यांतील अमोनियाहि अधिक विषारी होतो.

गवंडी भिंतीवर पाणी मारतो तें सिमेंट मजबूत व्हावें म्हणून. येथें पाण्याला चुना काढून टाकण्याचें दुसरेंहि काम आहे. खडक गोड्या पाण्यांत बुडवून ठेवावा व दर दोन-तीन दिवसांनीं पाणी बदलावें. महिना-दीड महिना तरी यांत जातोच, जाड खडकाला अधिकहि लागतो. कांहीं लोक घाईनें शिरका ओततात. त्यानें वरचा चुना जातो, पण शिंपल्यांचा चुराहि झिजतो आणि आंतला चुना मागाहून पाझरत राहतो. हा उपाय घेण्याजोगा नाहीं. परीक्षा अशी करावी : खडक ताज्या पाण्यांत दोन दिवस न हलवितां ठेवावा, शेजारीं दुसऱ्या बादलींत तेंच पाणी खडकाविना ठेवावें, आणि दोहोंचा पी.एच. मोजावा. दोन्ही अंक जवळजवळ सारखे आले तरच खडक टाकींत जावा.

तेथेंहि मासे लगेच सोडावयाचे नाहींत. जुन्या, निरोगी टाकींतील खडकाचा एखादा तुकडा शेजारीं ठेवला म्हणजे जंतूंचें विरजण लागतें. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत कांहीं आठवडे थांबावें लागतें. खडकावर गुलाबी-जांभळें शैवाल चढावयास तर आणखी कित्येक महिने लागतात; मग मात्र सिमेंट ओळखूं येत नाहीं. रचना करतांना खडक टाकीच्या तळावर आधीं पक्का बसवावा आणि वाळू मागाहून पसरावी. कारण वाळू उकरणारे मासे खालची वाळू काढून घेतात, आणि वरचा खडक घसरून टाकीची कांच फुटते.