हृदयाच्या झडपा

शाहूवाडीच्या डोंगराळ मुलखात कोंबड्या पाळणारी घरे पुष्कळ. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविली, की २१ व्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. चौथ्या-पाचव्या रात्री त्यांतील एखादे अंडे हलकेच उचलून दिव्यापुढे धरावे. आत तांबड्या धाग्यांचे जाळे दिसते आणि मध्यभागी एक ठिपका. त्या ठिपक्यातच पिल्लाचे हृदय धडधडत असते. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीस देशातील ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याने उबवणीच्या तिसऱ्या दिवसानंतर अंडी फोडली, तेव्हा हा उडणारा रक्तबिंदू पाहून तोही चकित झाला होता.

हृदय हा रक्ताचा पंप होय. विहिरीवरील पंपाच्या नळाला तळाशी फुटव्हॉल्व्ह असतो. तो पाण्याला वर जाऊ देतो, माघारी फिरू देत नाही. आपल्या हृदयात अशा चार झडपा असून, दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा त्या उघडतात व मिटतात.

मग या झडपा घडतात तरी कशा? गर्भाचे हृदय आरंभी केवळ एक नळी असते. तिचा बाहेरचा थर स्नायूंचा, तर आतला नाजूक अस्तराचा. दोहोंमध्ये खळीसारखा मऊ गर असतो. जेथे झडप व्हावयाची, तेथील स्नायुपेशी विशिष्ट प्रथिने बाहेर सोडतात. ही प्रथिने म्हणजे पेशींनी धाडलेले निरोपच! कुलपात नेमकी किल्ली बसावी, तसे ते अस्तराच्या पेशींवरील ठरावीक रेणूंवर बसतात. शेजारच्या पेशीही स्पर्शाने एकमेकींना सूचना देतात. निरोप पोहोचताच काही पेशी शेजारणींची साथ सोडतात, आकार बदलतात आणि गरात शिरून वाढू लागतात. तेथे उशीसारखे उंचवटे निर्माण होतात. पुढे तेच पातळ होत जाऊन झडपांचे पडदे बनतात. त्यांना घडविण्यात वाहत्या रक्ताचाही वाटा असतो.

हे कळले कसे? १९८३ साली रन्यन व मार्कवॉल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाचे तुकडे कृत्रिम गरावर ठेवले. झडपेच्या जागचे स्नायू सोबत असले, तरच तेथील अस्तराच्या पेशी गरात शिरत. स्नायू काढून घेतले, तर त्या जागच्या हलत नसत. निरोप देणारा कोण, हे यावरून उमगले.

मानवी गर्भात हे कार्य चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुरू होते. त्या वेळी आपल्या पोटी बाळ आहे, याची आईलाही पुष्कळदा कल्पना नसते! निरोपात चूक झाली, तर झडप सदोष होऊ शकते. शंभरांतील एक-दोन माणसांच्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पडदे असतात. अनेकांना त्याचा त्रास होत नाही. काहींना मात्र पुढे उपचार घ्यावे लागतात.

असे दोष वेळीच ओळखता यावेत, म्हणून २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याअन्वये डॉक्टर शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात. बालमित्रांनो, खेळताना वारंवार धाप लागत असेल, तर ते संकोचाने लपवू नका. पेशीदेखील एकमेकींना वेळेवर निरोप देतात. मग आपण आपल्या माणसांना तो का देऊ नये?