माइनक्राफ्ट : आधी प्रत, मग दुरुस्ती

पेढीचा हिशेब आणि मुलांचा खेळ एकाच संगणकावर चालणे, हे आता अनेक व्यापारी घरांत नित्याचे झाले आहे. या खेळांत माइनक्राफ्टचे स्थान मोठे आहे. स्वीडनमधील मोजांग कंपनीने तो २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आणला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. ठोकळ्यावर ठोकळा रचून मुले यात घरे, पूल आणि नगरे उभारतात. त्यामुळे खेळ बिघडला की प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही. महिनोन्‌महिन्यांचे काम पणाला लागते. खेळ काढून पुन्हा बसवावा, असे सर्वांना प्रथम सुचते आणि घाईत केलेला हाच उपाय कधी कधी ते काम पुसून टाकतो.

म्हणून पहिला नियम हिशेबनिसाचा : आधी वही सुरक्षित ठेवावी, मग चूक शोधावी. खेळाच्या जावा आवृत्तीत यादीतून आपले जग निवडून ‘एडिट’ आणि त्यातील ‘मेक बॅकअप’ दाबले की प्रत तयार होते. खेळ उघडतच नसेल, तर संगणकावरील माइनक्राफ्टच्या फोल्डरमधील ‘सेव्हज’ हा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा.

त्यानंतर लक्षणानुसार उपाय करावा. चित्र अडखळत असेल, तर ‘रेंडर डिस्टन्स’ कमी करावे. हे अंतर सोळावरून आठवर आणले की संगणकाला रेखाटावे लागणारे क्षेत्र सुमारे चौथाई उरते. खेळ सुरू होतानाच बंद पडत असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून अद्ययावत करावा. बाहेरून घेतलेली ‘मॉड’ घातल्यावर बिघाड झाला असेल, तर ती सर्व बाजूला काढून एकेक परत घालावीत. दोषी आपोआप उघडे पडते. मित्राच्या सर्व्हरवर प्रवेश मिळत नसेल, तर दोघांची आवृत्ती एकच आहे का, हे पाहावे. नव्या आवृत्तीत उघडलेले जग मात्र जुन्या आवृत्तीत उघडू नये. ते कायमचे बिघडू शकते.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर नोंदवावा. चार बदल एकदम केले, तर खेळ चालू झाला तरी कारण कळत नाही आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

शेवटची दक्षता पेढीसाठी. फुकटची चोरटी प्रत किंवा एखादे मॉड बसवताना अँटीव्हायरस बंद करण्यास सांगितले गेले, तर तेथेच थांबावे. त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे असतात. खेळ पुन्हा बसवता येतो; परक्या हाती गेलेला पासवर्ड मात्र फार महाग पडतो.