खेळामागचं गणित (भाग ६) : रक्कम मोठी, जागा मोजक्या

गेल्या आठवड्यात कमी पैशांत संघ कसा उभारायचा ते पाहिलं. एका रुपयात किती धावा मिळतात, हा हिशेब तिथे पुरतो. धनज, कारंजा, मंगरूळपीर या आपल्या भागात सोयाबीन निघाल्यावर टेनिस बॉलचं क्रिकेट रंगतं. तिथे संघ बांधणारी पोरं हा हिशेब कागदावर न मांडताही नेमका करतात. आज उलट बाजू घेऊ. मित्रांनी बसून कागदी लिलाव करायचा ठरवला आणि प्रत्येकाला आयपीएलच्या २०२५च्या हंगामासारखे १२० कोटी दिले, तर बोली कशी लावायची?

कागदावर संघ बांधायचा नाद आधी बेसबॉलवाल्यांना लागला. १९६१ साली अमेरिकेत हॅल रिचमन यांनी स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा खेळ बाजारात आणला. खेळाडूची खऱ्या हंगामातली कामगिरी कार्डावर उतरवायची आणि फासे टाकून सामना खेळायचा. १९८०मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी या नादाला लिलावाची जोड दिली. पुढे त्या लिलावाचा नियम रूढ झाला तो २६० डॉलर आणि २३ खेळाडू असा.

भरपूर रक्कम हाती आली की बहुतेक जण पहिल्या तासातच मोठ्या नावांवर तुटून पडतात. मोठी नावं घ्यावीतच, पण कोणत्या जागेसाठी, हे आधी ठरवावं. आपल्याकडे पैसे भरपूर असले तरी एका वेळी मैदानात उतरणार अकराच. त्यांत परदेशी चारच, आणि एका गोलंदाजाला चारच षटकं. म्हणून मोठ्या रकमेच्या लिलावात रुपयामागे धावा मोजू नका, जागेमागे मोजा. स्वस्तात मिळालेला साधारण फलंदाज अकरांतली एक जागा अडवतो, आणि ती जागा पुन्हा विकत मिळत नाही.

आता यष्टिरक्षकाचं उदाहरण घेऊ. समजा दहा संघ आहेत आणि प्रत्येकाला एक यष्टिरक्षक लागतो. दहा चांगले उचलले गेले की अकरावा मूळ किमतीत मिळणारच. तेव्हा पहिल्याची खरी किंमत त्याच्या एकूण धावांवर ठरत नाही, तो अकराव्यापेक्षा किती जास्त देतो यावर ठरते. सलामीवीर ढिगाने असतात, त्यांच्यात विसावा आणि तिसावा यांत फारसं अंतर नसतं. यष्टिरक्षकांची यादी मात्र चार-पाच नावांनंतर एकदम खाली घसरते. बेसबॉलमध्ये कॅचरच्या, म्हणजे तिथल्या यष्टिरक्षकाच्या, जागेचं असंच आहे.

आपल्या शेजारच्या अमरावतीचा जितेश शर्मा पाहा. २०२२च्या लिलावात तो पंजाबला २० लाखांत मिळाला होता. नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाहच्या लिलावात बंगळूरने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. भारतीय, यष्टिरक्षक आणि शेवटच्या षटकांत फटकेबाजी करणारा, असे तिन्ही गुण एका जागेत आले आणि परदेशी खेळाडूची जागाही वाचली. २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध २२८ धावांचा पाठलाग करताना त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या. तो हंगाम बंगळूरनेच जिंकला.

त्याच लिलावात ऋषभ पंत २७ कोटींना लखनौकडे गेला, श्रेयस अय्यर २६.७५ कोटींना पंजाबकडे आणि व्यंकटेश अय्यर २३.७५ कोटींना कोलकात्याकडे. पंजाब अंतिम सामन्यात पोहोचलं, लखनौ सातवं राहिलं, कोलकाता आठवं. खऱ्या लिलावात उद्याचा फॉर्म विकत घ्यावा लागतो, म्हणून तिथे मोठी बोली धोक्याची. कार्डावरच्या खेळात आकडे आधीच छापलेले असतात, आणि आपल्या कागदी लिलावातही मागच्या हंगामाचेच आकडे धरायचे. म्हणून माझं मत असं की, कागदी लिलावात दुर्मीळ जागेसाठी खऱ्या संघमालकापेक्षाही जास्त ताणून बोली लावावी.

फक्त एक आकडा सतत समोर ठेवा: उरलेली रक्कम, वजा उरलेल्या इतर जागांची मूळ किंमत. तुमच्याकडे ४० कोटी आणि ६ जागा आहेत, मूळ किंमत ३० लाख आहे, तर पुढच्या खेळाडूवर जास्तीत जास्त ३८.५ कोटी लावता येतात. दुसऱ्यांचाही हा आकडा लिहीत जा. कोणाला कुठपर्यंत ताणता येईल हे मग कळतं. आपल्याला नको असलेलं मोठं नाव सुरुवातीलाच पुकारावं, त्यावर इतरांची रक्कम खर्च होते.

हे सगळं पैसे न लावता करा. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तरुण पोरांनी मजुरीचे पैसे त्यात घालवलेले मला बघवत नव्हते. वही, पेन, चार मित्र आणि मागच्या हंगामाचे आकडे एवढंच पुरे.

पुढच्या रविवारी गोलंदाजांची बोली पाहू. तोवर प्रत्येकाने आपल्या वहीत बारा यष्टिरक्षकांची यादी उतरत्या क्रमाने लिहून ठेवावी.